हीट लॅम्प राहू द्या, आधी लस टोचून घ्या

पत्र : मी बोरिवलीला राहतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि गोराईच्या वडिलोपार्जित वाडीत शेळ्या पाळायला घेतल्या. आज सात शेळ्या आहेत, शिवाय सासुरवाडीहून, म्हणजे जत तालुक्यातून आणलेल्या तीन माडग्याळ मेंढ्या. मेंढा १ जुलैला आणि बोकड १० जुलैला कळपात सोडला होता. सगळ्या गाभण आहेत. गेल्या वर्षी दोन करडं गेली. एक रात्री जन्मलं आणि पहाटे मेलेलं सापडलं. अंग कोरडं होतं, आईने चाटलेलंही दिसत होतं. दुसरं महिन्याचं होऊन गेलं होतं, सगळ्यांत धष्टपुष्ट तेच. संध्याकाळी उड्या मारत होतं, सकाळी ताठ. लसीकरणाचा कागद सापडत नाही. या वेळी जय्यत तयारी करायची म्हणून यादी केली आहे : हीट लॅम्प, दुधाची पावडर, बाटल्या, नायलॉनची दोरी, हातमोजे, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. आणखी काय घेऊ? मी सकाळच्या बोटीने वाडीवर जातो, संध्याकाळी परततो. रात्री राखणीला एक जोडपं असतं. सूनबाईला पाचवा महिना आहे, तिला पिल्लं जन्मताना बघायची फार हौस आहे. आणि बायको म्हणते, हा सगळा व्याप विकून टाका.

उत्तर :

नमस्कार.

यादीतले हातमोजे आणि बाटल्या ठेवा. दोरी खोडा, लॅम्प खोडा, आणि ते इंजेक्शन तर घरातच आणू नका. त्याच्याकडे पुढे येते.

तुमची सगळी यादी विण्याच्या रात्रीची आहे. पण पत्रात तुम्ही दोन मरणांचं जे वर्णन केलंय ते नीट वाचलं, तर त्या रात्री काही कमी पडलं असेल असं वाटत नाही. पहिलं करडू कोरडं होतं, चाटलेलं होतं. म्हणजे ते जिवंत जन्मलं, आईने त्याला आपलं म्हटलं, अंग पुसून काढलं. मग त्याला मिळालं काय नाही? चीक. माझा अंदाज असा, की ते आईच्या सडाशी गेलं, चोखलं, आणि हाती काही लागलं नाही. विण्याआधी सडाच्या तोंडाशी मेणासारखा चिकट बूच बसलेला असतो. दांडगं पिल्लू तो ओढून काढतं, अशक्त पिल्लाला ते जमत नाही. तुमचे राखणदार सकाळी बघायला गेले तोवर खेळ आटोपला होता.

दुसऱ्या करडाबद्दल तर मला फारशी शंकाच नाही. कळपातलं सगळ्यांत गुटगुटीत, भरपूर दूध पिणारं पिल्लू एका रात्रीत जातं, तेव्हा पहिला संशय आंत्रविषाराचा. आतड्यात एरवीही असणारे जंतू जास्तीच्या दुधावर किंवा खुराकावर बेसुमार वाढतात, विष सोडतात आणि औषधाला वेळच मिळत नाही. म्हणूनच तो धडधाकट पिल्लांना गाठतो. शवविच्छेदन झालं असतं तर खात्री झाली असती, आता अंदाजावरच चालायचं. पण यावर लस आहे, स्वस्त आहे, आणि ती पिल्लाला नव्हे, गाभण आईला टोचायची असते. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिकारशक्ती चिकात उतरते आणि चिकातून पिल्लाच्या पोटात जाते. पोटात असताना वारेतून ती पिल्लाकडे जात नाही. शेळी-मेंढीचं पिल्लू या बाबतीत अगदी कोरं जन्मतं.

तर आता तारखा मांडू. मेंढीचे दिवस साधारण १४७, शेळीचे १५०. मेंढा १ जुलैला सोडलात, म्हणजे पहिलं कोकरू २५ नोव्हेंबरच्या आसपास. बोकड १० जुलैला, म्हणजे पहिली शेळी ७ डिसेंबरच्या सुमाराला. दोन्हीकडे पाच-सात दिवस मागेपुढे धरा. ज्या पहिल्या माजाला उलटल्या, म्हणजे गाभण राहिल्या नसतील, त्या पुढच्या माजाच्या हिशेबाने वितील, मेंढी सतरा दिवसांनी, शेळी एकवीस दिवसांनी. एकूण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नाताळ उलटेपर्यंत तुमची धावपळ आहे.

आज ऑक्टोबरचा दुसरा आठवडा चालू आहे. कागद सापडत नाही म्हणजे लस झालेलीच नाही असं समजून चालायचं. अशा जनावराला दोन डोस लागतात. पहिला याच आठवड्यात आणि दुसरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसला, तर मेंढ्यांच्या विण्याआधी तीन आठवडे उरतात. चिकात ताकद उतरायला तेवढे दिवस लागतातच. दोन डोसांमधलं नेमकं अंतर कुपीवर बघून डॉक्टर ठरवतील.

लस थंड लागते आणि तुम्ही ती बोटीने नेणार, म्हणून एक सूचना. मासळीच्या गावात बर्फाला तोटा नाही, पण कुपी थेट बर्फात खुपसू नका. ही लस गोठली की वाया गेली. थर्मासमध्ये तळाला बर्फ, वर जाड फडकं आणि त्यावर कुपी.

आता खाणं. पिल्लाचं जन्माचं जे वजन असतं त्यातलं जवळजवळ सत्तर टक्के शेवटच्या सहा आठवड्यांत भरतं. आणि गंमत अशी, की त्याच काळात वाढत्या पिल्लांनी आईचं पोट आतून दाबलेलं असतं, त्यामुळे तिला चारा कमी जातो. गरज वाढलेली, जागा कमी. म्हणून तेव्हा थोड्यात जास्त ताकद देणारा खुराक हवा : मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, थोडी शेंगदाणा पेंड. जनावरामागे रोज शंभर ग्रॅमपासून सुरुवात करा आणि चार-पाच दिवसांनी थोडं थोडं वाढवत विण्याच्या सुमारास तीनशे ग्रॅमच्या आसपास न्या, तेही दोन वेळांत वाटून. एकदम वाढवलंत तर पोट बिघडेल आणि आंत्रविषाराला आपणच आवतण दिल्यासारखं होईल.

कोणाला किती द्यायचं हे डोळ्यांनी ठरवू नका. गाभण जनावराचं पोट मोठं दिसतं आणि माणूस फसतो. शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्यावर हात ठेवून चाचपा. हाडं बोटांना टोकदार लागली तर जनावर वाळलंय. दाबूनही सापडली नाहीत तर चरबी चढलीय. थोडं दाबल्यावर गोलसर लागली की ठीक. वाळलेलीला वाढवा. चरबी चढलेलीला आता उपाशी मारू नका, ती वेळ गेली. गाभणपणाच्या शेवटी जनावर उपाशी राहिलं, विशेषतः पोटात जुळं असलेलं, की ते स्वतःची चरबी इतक्या वेगाने जाळायला लागतं की रक्तातच विष साठतं. कळपापासून दूर, मान खाली घालून उभी राहिलेली, दात खाणारी, खुराकाला तोंड न लावणारी शेळी दिसली तर ‘विण्याला आली असेल’ म्हणून वाट बघत बसू नका. तिच्या तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो. डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. दुसऱ्या दिवशी ती बसलेली सापडते आणि मग उठत नाही.

मुंबईतल्या शेळीवाल्यांची एक खोड इथे सांगितलीच पाहिजे. उरलेला भात, शिळ्या चपात्या, लग्नाच्या हॉलमधलं उरलंसुरलं, मंडईतली कोबीची पानं हे सगळं ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून वाडीवर जातं. गाभण जनावराला शिजलेला भात आणि चपात्या पोटभर मिळाल्या तर पोटात आम्ल होऊन ती एका रात्रीत आडवी होते. मंडईच्या पाल्यात प्लास्टिकच्या पिशव्या असतात त्या वेगळ्याच. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण बोरिवलीहून रोज सकाळी मोकळ्या हाताने कोणी बोटीत चढत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

मेंढ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ही गंभीर आहे. मेंढीला तांबं सोसत नाही. गाई-म्हशींसाठी मिळणारं मिनरल मिक्श्चर शेळ्यांना चालून जातं म्हणून तेच मेंढ्यांपुढे ठेवलं जातं. त्यातलं तांबं महिनोन्‌महिने लिव्हरमध्ये साठत राहतं आणि विण्यासारख्या ताणाच्या वेळी एकदम रक्तात उतरतं. लघवी लालसर-काळी होते, मेंढी जाते, आणि सगळे म्हणतात सापच चावला असणार. मेंढ्यांचं मिक्श्चर वेगळं घ्या आणि त्यांची गव्हाणही वेगळी ठेवा.

जंताच्या औषधाचं उगाच घाई करून उरकू नका. विण्याच्या सुमाराला आईच्या अंगातले जंत जास्त अंडी घालतात, तेव्हा औषध लागेलच. पण कोणतं ते लेंडी तपासून ठरवलेलं बरं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे, तिथे विचारा, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात. ताजी लेंडी, घट्ट झाकणाची डबी, वर जनावराची खूण. डबी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मात्र ठेवू नका, बोरिवली-दादर गर्दीत अशा अदलाबदली होतात. खुरं वाढली असतील तर तीही याच पंधरवड्यात छाटून घ्या. पुढे जनावर जड झालं की त्याला पाडणं, ओढणं, पळवणं सगळं बंद. दिवाळीचे सुतळीबॉम्ब वाडीच्या कुंपणाशी फुटणार नाहीत याचा बंदोबस्त शेजारपाजारच्या पोरांशी गोड बोलून आत्ताच करा.

आता जागा. गोराईच्या डिसेंबरात थंडी ती काय असणार! पण पहाटे समुद्रावरून येणारा वारा आणि ओलं पिल्लू ही जोडी वाईट. वारा अडवा, जमीन कोरडी ठेवा, एवढं पुरतं. खोप्याच्या वाऱ्याच्या बाजूला गोणपाट शिवून लावा, वरून हवा खेळती राहू द्या. प्रत्येक विणाऱ्या जनावराला चार फूट बाय पाच फुटांचा कप्पा, बांबू आणि जुन्या दारांचा केला तरी चालेल. आई आणि पिल्लं तिथे दोन दिवस एकटी राहिली की ओळख पक्की होते, दुसरीची पिल्लं लुबाडायचे प्रकार होत नाहीत. कापणी झाल्यावर भाताचा पेंढा मुबलक मिळेल, तो जाड अंथरा. बुरशीचा वास येणारी पेंढी मात्र परत करा. शेळ्या फळ्यांच्या माचाणावर असतील तर विण्याच्या कप्प्यात फटींवर गोणपाट टाका, नाहीतर नवजात करडाचा पाय फटीत अडकून मोडतो. आणि कोरडा पेंढा, वर लोंबणारा हीट लॅम्प, जोडलेली वायर, रात्री झोपलेली माणसं... लॅम्प का खोडला ते आता कळलं असेल.

विण्याची वेळ जवळ आली की कास भरते, सड ताठ होतात, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ढिले पडून खळगे दिसतात. जनावर कोपरा धरतं, पायाने पेंढा उकरतं, उठबस करतं. मग पाणमोट, म्हणजे पिल्लाभोवतीच्या पाण्याची पिशवी, दिसते. इथून पुढे घड्याळ बघायचं आणि हात खिशात ठेवायचे. बहुतेक शेळ्या-मेंढ्या आपल्या आपण वितात, बिघडतं ते माणसाच्या उतावळेपणाने. सूर मारताना आपले हात पुढे आणि डोकं हातांच्या मध्ये असतं तसं पिल्लू यायला हवं : पुढचे दोन खुर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. असं दिसलं तर काही करू नका. मागचे दोन पाय आधी, खुरांचे तळवे वरच्या बाजूला, असं दिसलं तरी ते जन्मू शकतं, फक्त कमरेपर्यंत आल्यावर रेंगाळू द्यायचं नाही. नुसती शेपटी लागते, एकच पाय आलाय, डोकं आलंय पण पाय मागे राहिलेत, किंवा जोरात कळा देऊनही अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही, तर ती अडली समजा आणि फोन करा. पाणमोट फुटून तास झाला आणि काहीच दिसत नाही, तरीही तेच.

दोरी बांधून ओढणाऱ्यांनी फाडलेल्या शेळ्या मी पाहिल्या आहेत, म्हणून दोरी खोडली. ऑक्सिटोसिन त्याहून घातक. पिल्लू आडवं असेल किंवा गर्भपिशवीचं तोंड उघडलेलंच नसेल आणि वरून इंजेक्शनने कळा वाढवल्या, तर गर्भपिशवी फुटते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे, त्यांच्या हातातच राहू द्या.

पिल्लू बाहेर पडलं की तोंडावरचा पापुद्रा आणि नाकातला बुळबुळीत द्रव काढा, आणि आईपुढे ठेवा. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, नुसता कापूस लावून भागवू नका. मग तुमच्या पहिल्या करडाला जे मिळालं नाही ते काम : दोन्ही सडांतून एक-एक धार जमिनीवर पिळून बूच काढा. प्रत्येक शेळीचं, प्रत्येक वेळी, पिल्लू उभं राहायच्या आत. पहिल्या दोन तासांत किलोमागे पन्नास मिली चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला शंभर मिली, तीन किलोच्या कोकराला दीडशे. दिवसभरात याच्या चौपट. प्यालं की नाही हे आई-पिल्लू शेजारी उभी आहेत यावरून ठरवू नका, पिल्लाचं पोट हाताने चाचपा. भरलेलं पोट कळतं.

दुधाच्या पावडरीचे पैसे वाचवा आणि बर्फाच्या कप्प्यात जागा करा. पहिली शेळी व्याली आणि तिला एकच करडू असेल, तर ते पिऊन उरलेला चीक छोट्या बाटल्यांत भरून गोठवा. पुढच्या पाच आठवड्यांत एखाद्या आईला चीक कमी पडला की तोच उपयोगी येतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर तापवलात तर त्याचा खरवस होईल. आणि खरवसाची चव आठवून वहिनींच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, तर सगळी पिल्लं तृप्त होईपर्यंत दम धरा.

एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, माणसांचा चालतो. तोंडात नव्हे, शेपटीखाली. तंदुरुस्त पिल्लाचं तापमान १०२ ते १०४ फॅरनहाइट. नव्व्याण्णवच्या खाली गेलेल्या पिल्लाला आधी कोरडं करून ऊब द्या, मग चीक. गार पडलेल्या, मान टाकलेल्या पिल्लाच्या तोंडात बाटली कोंबली तर दूध फुप्फुसात जातं. जन्मून पाच-सहा तास उलटलेलं आणि गार पडलेलं पिल्लू असेल तर ऊब देण्याआधीच डॉक्टरांशी बोला. त्याच्या अंगातली साखर संपलेली असते, आणि आधी ग्लुकोज न देता ऊब दिली तर ते झटक्याने जातं.

वार बारा तासांत पडते. लोंबतेय म्हणून तिला दगड बांधायचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. पडलेली वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर कुत्री येतील, आणि खाडीच्या बाजूने कोल्हेही. कावळ्यांवरही लक्ष ठेवा, ते नवजात पिल्लाचे डोळे आणि नाळ टोचतात.

सूनबाईंना माझा निरोप द्या : या वर्षी नाही. पिल्लांच्या फोटोवर समाधान मानायचं. विण्याच्या वेळचं पाणी, वार, मेलेलं पिल्लू यांतून गर्भाला अपाय करणारे आजार माणसांत येतात, आणि गरोदर बाईने त्या दिवसांत गोठ्याच्या जवळपासही फिरकू नये. तुमचे गोठ्यातले कपडे आणि चपला वाडीवरच ठेवा, घरी नेऊन धुण्यात टाकू नका. तुम्ही स्वतः हातमोजे घाला. पाठोपाठ दोन जनावरं गाभडली, म्हणजे त्यांचा गाभ पडला, तर सगळं थांबवून आधी डॉक्टरांना कळवा.

राहिली रात्र. तुम्ही शेवटच्या बोटीने बोरिवलीला येणार आणि शेळ्या बहुधा त्यानंतरच विणार. खाडी ओलांडून मध्यरात्री कोणी डॉक्टर येणार नाही, यायचं तर भाईंदर-उत्तनवरून गाडीने. म्हणून १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या सरकारी हेल्पलाइनवर आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारा, की रात्री गोराईला कोण येईल, किती वेळात येईल, कोणत्या रस्त्याने. नाव, नंबर खोप्याच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लिहा. राखणीच्या जोडप्यातल्या बाईंनी आयुष्यात किती शेळ्या विताना पाहिल्यात हे विचारलंय का कधी? मला वाटतं ते तुमच्याहून बरंच जास्त भरेल. बूच काढणं, नाळ, चीक ही तीन कामं त्यांना दाखवून द्या, बाकीचं त्याच तुम्हाला दाखवतील. आणि या पाच आठवड्यांचा जादा पगार द्या, जागरणाचा.

वहिनींच्या प्रश्नाला माझं अर्धं अनुमोदन आहे. शेळ्या ठेवा. माडग्याळ मेंढी जतच्या कोरड्या माळावरची. गोराईच्या चार महिन्यांच्या पावसात तिची खुरं सडतात आणि जंत तिला सोडत नाहीत. कोकरं दूध सोडून चरायला लागली की त्या तिघींना पावसाळ्याआधी परत जतला पाठवा. कळप वाढवायचाच असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पुढे आणलेली कोकण कन्याळ शेळी बघा, ती याच हवेची आहे.

आणि लसीसाठी फोन कराल तेव्हा फक्त तुमची दहा जनावरं सांगू नका. एका कुपीत बरेच डोस असतात आणि उघडलेली कुपी उद्याला ठेवता येत नाही. शेजारच्या वाड्यांमधल्या शेळ्याही त्याच दिवशी जोडून घ्या, डॉक्टरांची खेपही वाचेल.